रुग्णालयातली रंगीत तालीम

वैमानिकांचा जमिनीवरचा सराव ऑर्गनच्या भात्यांतून जन्माला आला. अमेरिकेत बिंगहॅम्टनला एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. तिथलेच भाते आणि हवापंप जोडून लिंकनी १९२९ साली जागच्या जागी कलणारं, डोलणारं विमान बनवलं. आधी ते करमणुकीच्या बागांत खपलं. १९३४ मध्ये टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवामानात एकापाठोपाठ एक मरू लागले, तेव्हा लष्कराने ते विकत घेतलं.

वैद्यकातला सराव याहून जुना. फ्रान्समधल्या मादाम द्यु कुद्रे या सुईणबाईंनी कापड आणि चामड्याचा बाळंतिणीचा पुतळा केला होता. पंधराव्या लुईने १७५९ मध्ये दिलेला परवाना घेऊन त्या गावोगाव बायकांना बाळंतपण शिकवत हिंडल्या. पुढे १९६० मध्ये नॉर्वेचे खेळणी बनवणारे आस्मुंड लेअरडाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘अ‍ॅन’ ही बाहुली आणली. या दोन्हींनी एकेकट्याचा हात तयार केला. ऐंशीच्या दशकात स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी वैमानिकांच्या प्रशिक्षणाकडे पाहिलं आणि पुतळा थेट शस्त्रक्रियागृहात नेला. संकटात अनेकदा ज्ञान कमी पडत नाही, माणसं एकमेकांशी बोलण्यात कमी पडतात, हे त्यांनी ओळखलं होतं. तिथून तालीम एकट्याची राहिली नाही, सगळ्या चमूची झाली.

पुतळ्यावरच्या या सरावाची खरी कसोटी २०२० मध्ये लागली. कोविडच्या रुग्णाच्या घशात नळी घालताना तो खोकला, तर विषाणू थेट डॉक्टरच्या तोंडावर येतो. तैवानचे भूलतज्ज्ञ लाइ श्येन-युंग यांनी रुग्णाच्या डोक्यावर ठेवायची, हात घालायला दोन भोकं असलेली पारदर्शक पेटी बनवली आणि तिचा आराखडा जगाला मोफत दिला. बोस्टनच्या डॉक्टरांनी पुतळ्याच्या घशात चमकत्या रंगाचा छोटा फुगा ठेवून फोडला. पेटीविना रंग डॉक्टरच्या केसांवर, मानेवर, बुटांवरही सापडला. पेटी असताना तो मुख्यतः पेटीच्या आतच राहिला. देशोदेशी पेट्या तयार होऊ लागल्या.

मग ऑस्ट्रेलियातल्या भूलतज्ज्ञांनी वेगळा प्रश्न विचारला: पेटीतून नळी घालायला वेळ किती लागतो? त्यांनीही पुतळ्यावरच करून पाहिलं. वेळ वाढला, आणि पेटीत हात फिरवताना संरक्षक पोशाख फाटले. प्राणवायू खालावलेल्या माणसासाठी तो वेळ म्हणजे जीव. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आतली हवा ओढून न घेणाऱ्या पेट्यांची तातडीची परवानगी काढून घेतली. ज्या सरावाने पेटीला उचलून धरलं, त्यानेच तिचे दोष दाखवले, आणि तेही एकाही रुग्णाला इजा न होता. माझ्या लेखी महामारीच्या काळात या तंत्राने केलेलं हे सर्वांत मोलाचं काम.

आपल्याकडे अशा तालमीला ‘मॉक ड्रिल’ म्हणतात. २७ डिसेंबर २०२२ ला देशभरातल्या रुग्णालयांत कोविडसाठी ते झालं. खाटा, सिलिंडर, व्हेंटिलेटर मोजले गेले. मोजणी हवीच, पण मोजणी म्हणजे तालीम नव्हे. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. तशी वेळ पुन्हा आली तर कोणता व्हॉल्व्ह कोणी बंद करायचा, जंबो सिलिंडर कुठून आणायचे, कोणत्या रुग्णाला आधी जोडायचं, हे कागदावर वाचून हाताला येत नाही.

म्हणून रुग्णालय चालवणाऱ्यांना विनंती आहे. पुढचं मॉक ड्रिल पाहुण्यांसमोर सकाळी करू नका. रात्रपाळीत करा, खऱ्या वॉर्डात करा, सिस्टर, वॉर्डबॉय आणि प्राणवायूचा तंत्रज्ञ यांना घेऊन करा. आणि जे चुकलं ते कोणालाही न रागावता लिहून ठेवा.