'दोर्प'चे 'ड्रॉप' झाले त्याची गोष्ट

डच भाषेत 'दोर्प' म्हणजे गाव. सन २००० मध्ये बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठात शिकणाऱ्या ड्रीस बायटार्ट आणि हान्स स्नायडर या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांमध्ये बिनतारी जोडणी उभारली. आठ जणांत मिळून एकच इंटरनेट, असा तो काटकसरीचा मामला होता. तार जुळली, पण एकमेकांना निरोप ठेवण्यास जागा नव्हती. जोडणी चालू आहे की बंद, आज जेवायला कोठे जमायचे, एवढे कळवण्यासाठी बायटार्ट यांनी एक लहानसा फलक संगणकावर रचला. शिक्षण संपून मंडळी पांगू लागली, तेव्हा संपर्क राहावा म्हणून तो फलक जगासाठी खुला करण्याचे ठरले. 'दोर्प' हे नाव नोंदवता येते का, हे पाहताना अक्षरांची उलटापालट झाली आणि 'ड्रॉप' टंकले गेले. तेच नाव कायम झाले. जानेवारी २००१ मध्ये त्यामागील आज्ञावली सर्वांस मोफत देण्यात आली. थेंब या अर्थाच्या 'ड्रुपल' या डच शब्दाच्या इंग्रजी उच्चारावरून तिचे नाव 'ड्रुपल' पडले.

नाव हुकले, तरी गाव मात्र वसले. कसे वसले, हा इतिहास भाषेच्या चळवळीत असलेल्यांनी वाचावा असा आहे.

वापरणाऱ्यांनी एकत्र जमण्याची रीत संगणकाइतकीच जुनी आहे. १९५५ मध्ये आयबीएमचे ७०४ हे यंत्र घेणाऱ्या संस्थांनी अमेरिकेत 'शेअर' नावाचा गट स्थापला. त्या काळी आज्ञावलीला वेगळी किंमत नसे. ती यंत्राबरोबर येई आणि वापरणारे आपापसांत तिची देवघेव करीत. १९६९ मध्ये आयबीएमने यंत्र व आज्ञावली यांची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले. पुढे आज्ञावली हा स्वतंत्र विक्रीचा माल झाला आणि तिचा मजकूर कुलूपबंद होऊ लागला. त्याविरुद्ध १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प घोषित केला व १९८९ मध्ये त्याचा सार्वजनिक परवाना सिद्ध झाला. ड्रुपल याच परवान्याखाली आहे.

वकिलाच्या दृष्टीने हा परवाना मोठा विलक्षण दस्तऐवज आहे. प्रताधिकाराचा कायदा सामान्यतः मनाई करण्यासाठी वापरला जातो. येथे तोच कायदा दार उघडे ठेवण्यासाठी योजला आहे. वापरा, बदला, वाटा; मात्र बदललेली आवृत्ती वाटाल तर पुढच्यालाही हेच हक्क द्या, ही अट. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने ती अट बंधनकारक मानली. म्हणजे हा नुसता सदिच्छेचा कागद नव्हे.

तथापि दिवाणी न्यायालयात पाय झिजवलेला कोणीही सांगेल की हुकूमनामा मिळाला म्हणजे ताबा मिळाला असे होत नाही. त्यासाठी दरखास्त दाखल करावी लागते आणि ती चिकाटीने चालवावी लागते. परवाना हा हुकूमनामा. वापरकर्त्यांचा स्थानिक गट ही दरखास्त.

हे गट महिन्या-दोन महिन्यांनी महाविद्यालयाच्या खोलीत किंवा एखाद्या कार्यालयात जमतात. कोणी अडलेले काम घेऊन येतो, दुसरा ते सोडवून दाखवतो, तिसरा केवळ ऐकतो आणि पुढच्या खेपेस स्वतः दुरुस्ती पाठवतो. २००५ मध्ये ड्रुपलचा मुख्य सर्व्हर भार न सोसून कोसळला, तेव्हा याच विखुरलेल्या मंडळींनी वर्गणी काढली आणि मागितल्याहून अधिक रक्कम जमवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत अँटवर्प येथे त्यांचा पहिला मेळावा भरला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो मेळावा मुंबईत, पवईच्या आयआयटीत आला.

आता भाषेचा मुद्दा. बेल्जियम हा देश स्वतःच भाषिक सीमेचा. डच व फ्रेंच यांच्यामधील रेषा तेथे १९६२-६३ च्या कायद्यांनी निश्चित केली. अँटवर्प डच बाजूस आहे. तरीही तेथे जन्मलेल्या या आज्ञावलीचे मूळ शब्द इंग्रजी आहेत. अन्य भाषा मागाहून, स्वयंसेवकांच्या हातांनी आल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये आठवी आवृत्ती निघाली, तिच्यात हंगेरीचे गाबोर होयची यांच्या नेतृत्वाखाली बहुभाषिकता गाभ्यातच बसवण्यात आली. स्थापनेच्या पहिल्याच पानावर भाषा विचारली जाते आणि उपलब्ध भाषांतर आपोआप उतरते.

'उपलब्ध' या शब्दात सारे आले. परवाना मराठीला मनाई करीत नाही. पण मराठी आणूनही देत नाही. एकेक वाक्य कोणीतरी बसून लिहावे लागते. आपल्या न्यायालयांत 'वादी', 'प्रतिवादी', 'हुकूमनामा', 'दरखास्त' हे शब्द नांदतात, ते कोशात छापले म्हणून नव्हे. कारकुनांनी, वकिलांनी आणि पक्षकारांनी ते रोज वापरले म्हणून. संगणकाच्या पडद्यावरील शब्दांचीही हीच कथा होईल, किंवा मुळीच होणार नाही.

बेळगाव असो, इंदूर, बडोदे वा हैदराबाद असो, आपल्याकडे मराठी मंडळे आहेत आणि संगणक जाणणारी तरुण मुलेही आहेत. दोघांची बैठक बहुधा वेगवेगळ्या खोल्यांत भरते. त्यांना एका खोलीत बसवण्यास शासननिर्णय लागत नाही, निवाड्याची वाट पाहावी लागत नाही. हा हुकूमनामा आपल्या हाती आधीच आहे. अँटवर्पच्या आठ जणांना जेवायला कोठे जमायचे एवढेच ठरवायचे होते. आपल्यालाही आरंभी तेवढेच ठरवायचे आहे.