गिनीपिगच्या पिंजऱ्यातील अंथरूण

गिनीपिगच्या पिंजऱ्यातील अंथरूण (प्रचलित नाव: बेडिंग) म्हणजे पाळीव गिनीपिगच्या पिंजऱ्याच्या तळावर पसरला जाणारा, मूत्र शोषून घेणारा आणि पायांना मऊ आधार देणारा थर होय. त्यासाठी मुख्यतः कागदाचा प्रक्रिया केलेला लगदा, लाकडाच्या पातळ ढलप्या, हेम्प वनस्पतीच्या खोडाचा गाभा आणि फ्लीस नावाचे कृत्रिम कापड वापरले जाते. गिनीपिग दिवसरात्र या थरावरच वावरत असल्याने अंथरुणाची निवड त्याच्या श्वसनसंस्थेच्या, पायांच्या व त्वचेच्या आरोग्याशी थेट निगडित असते.

== पार्श्वभूमी ==

गिनीपिग (शास्त्रीय नाव: केव्हिया पोर्सेलस) हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशात माणसाळवला गेलेला कृंतक प्राणी आहे. त्याचे रानटी भाईबंद गवताळ भागात राहतात आणि दाट गवतात लपून स्वतःचे रक्षण करतात. हॅमस्टरप्रमाणे बिळे खोदण्याची सवय गिनीपिगला नसते. त्यामुळे त्याला खोल अंथरुणाची गरज नसून कोरड्या, मऊ व सपाट पृष्ठभागाची असते. सुट्या अंथरुणाचा थर साधारणतः ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचा ठेवला जातो.

प्रौढ गिनीपिगचे वजन सुमारे ७०० ते १,२०० ग्रॅम असते. हा सर्व भार लहान, केसविरहित तळव्यांवर पडतो. त्याचे पाय आखूड असल्याने पोट व नाक जमिनीच्या अगदी जवळ असतात. परिणामी अंथरुणातील ओलावा, धूळ आणि वायू यांचा परिणाम पाळणाऱ्या माणसाला जाणवण्यापूर्वीच प्राण्यावर होऊ लागतो.

== आरोग्याशी संबंध ==

=== श्वसनसंस्था ===

मूत्रातील युरियाचे जिवाणूंच्या क्रियेने विघटन होऊन अमोनिया वायू तयार होतो. ओले अंथरूण वेळेवर न बदलल्यास हा वायू पिंजऱ्याच्या तळाशी साचतो आणि श्वसनमार्गाच्या अस्तराचा दाह होतो. दाह झालेल्या श्वसनमार्गात बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका, स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए यांसारख्या जिवाणूंचा संसर्ग बळावू शकतो. न्यूमोनिया हा गिनीपिगमधील गंभीर व अनेकदा प्राणघातक आजार आहे. बारीक धुळीमुळेही असाच दाह होतो.

=== पायांचे तळवे ===

तारेची जाळी, खरखरीत पृष्ठभाग किंवा सतत ओले राहणारे अंथरूण यांमुळे तळव्यांची त्वचा सोलवटते. त्यातून स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू शिरून तळव्याला सूज व व्रण येतात. या विकारास पोडोडर्मटायटिस म्हणतात. संसर्ग हाडापर्यंत पोहोचल्यास उपचार कठीण होतात. लठ्ठपणा आणि क जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे या विकाराचा धोका वाढतो. मानवाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. तारेच्या जाळीत पाय अडकून हाड मोडण्याचाही धोका असतो.

=== पचनसंस्था व त्वचा ===

गिनीपिग अंथरूण कुरतडतो, त्यामुळे पोटात जाऊन फुगणारे साहित्य धोकादायक ठरते. ओलसर अंथरुणात बुरशी वाढते. दमट व अस्वच्छ परिस्थितीत गिनीपिगला गजकर्णाचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. हा संसर्ग प्राण्याकडून माणसालाही होऊ शकतो.

== योग्य साहित्य ==

* कागदी अंथरूण: कागदाच्या लगद्यापासून बनवलेले मऊ तुकडे वा गोळ्या या स्वरूपात मिळते. ते चांगले शोषक असून त्यात सुगंधी तेले नसतात. नुसत्या कागदी गोळ्या पायांना टणक लागतात, म्हणून त्यांच्यावर मऊ थर पसरला जातो.
* अ‍ॅस्पेनच्या ढलप्या: अ‍ॅस्पेन हा पानझडी वृक्ष असून त्याच्या लाकडात सूचिपर्णी वृक्षांसारखी उग्र द्रव्ये नसतात.
* हेम्प: या वनस्पतीच्या खोडातील गाभ्याचे तुकडे शोषक असतात. धूळ काढलेला प्रकार निवडला जातो.
* फ्लीस: हे पॉलिएस्टरचे कापड स्वतः मूत्र शोषत नाही, तर ते खाली झिरपू देते. म्हणून त्याखाली टॉवेलसारखा शोषक थर आवश्यक असतो. नवे कापड काही वेळा धुतल्यावरच त्यातून ओल नीट झिरपते. कपडे मऊ करणाऱ्या द्रवामुळे हा गुणधर्म कमी होतो, म्हणून धुताना तो वापरला जात नाही.

== अयोग्य किंवा वादग्रस्त साहित्य ==

=== सिडार व पाइन ===

सिडारच्या वासामागे त्यातील बाष्पनशील सुगंधी द्रव्ये असतात आणि ती श्वसनमार्गाला त्रासदायक ठरतात. सूचिपर्णी लाकडाच्या अंथरुणामुळे उंदरांच्या यकृतातील औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांची क्रिया वाढते, असे १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. सिडार गिनीपिगसाठी टाळावे, यावर व्यापक सहमती आहे. भट्टीत वाळवलेल्या पाइनमध्ये बाष्पनशील द्रव्यांचे प्रमाण कमी होत असल्याने काही पशुपालक ते स्वीकारार्ह मानतात. न वाळवलेले पाइन मात्र टाळले जाते.

सिडार हे व्यापारी नाव अनेक वृक्षांना लावले जाते. अमेरिकेतील पूर्वेकडील लाल सिडार वस्तुतः ज्युनिपर कुळगटातील आहे, तर हिमालयातील देवदार हा खरा सिडार होय. त्यामुळे भारतात देवदाराचा भुसाही याच वर्गात मोडतो आणि चिडाचा भुसा पाइनच्या वर्गात येतो.

=== इतर साहित्य ===

* लाकडाचा बारीक भुसा: धूळ नाकाडोळ्यांत जाते. नरांच्या जननेंद्रियाभोवती भुसा चिकटून दाह होऊ शकतो. सुतारकामाच्या ठिकाणच्या भुशात प्लायवूडचा अंश असल्यास त्यात फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंकही असू शकतो.
* मांजरांसाठीचे गोळे होणारे लिटर: ओलाव्याने घट्ट होत असल्याने पोटात गेल्यास आतड्यात अडथळा येण्याचा धोका असतो.
* मक्याच्या कणसांचा चुरा: दमट हवेत लवकर बुरशी धरतो आणि खाल्ल्यास अपायकारक ठरू शकतो.
* पेंढा व गवत: पेंढ्याच्या टोकदार काड्यांनी डोळ्यांना इजा होते. वाळलेले गवत हे गिनीपिगचे मुख्य अन्न आहे, परंतु ते ओल फारशी शोषत नाही. अंथरुणावर खाण्यासाठी ते पसरले जाते, अंथरुणाऐवजी नव्हे.
* वर्तमानपत्र: पटकन भिजते व निसरडे होते. इतर अंथरुणाखालील थर म्हणून त्याचा उपयोग होतो.

== स्वच्छता ==

गिनीपिग बहुधा खात असतानाच मलमूत्र विसर्जन करतो. त्यामुळे गवताच्या जागेखाली ओल सर्वाधिक साठते. ओला भाग व लेंड्या रोज काढून टाकणे आणि आठवड्यातून किमान एकदा संपूर्ण अंथरूण बदलणे ही सर्वसाधारण पद्धत आहे. फ्लीस याहून लवकर धुवावे लागते. एकापेक्षा अधिक प्राणी असल्यास बदलण्याचा कालावधी कमी होतो. सुगंधी अंथरुणाने दुर्गंधी झाकली जाते, अमोनिया नाहीसा होत नाही.

गिनीपिगचे मूत्र अल्कधर्मी असून त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक असतात. ते वाळल्यावर तळाला पांढरा थर धरतो. पातळ केलेल्या व्हिनेगरने तो विरघळतो. फिकट रंगाच्या अंथरुणावर मूत्राचा रंग सहज लक्षात येतो. लालसर मूत्र हे मूतखडा किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाचे लक्षण असू शकते. शिकार होणाऱ्या प्राण्यांच्या स्वभावाप्रमाणे गिनीपिग आजार लपवतो. म्हणून अशा खुणांना महत्त्व आहे.

== उष्ण व दमट हवामानातील वापर ==

गिनीपिगला उष्णता सहन होत नाही; १८ ते २६ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. कोकण, मुंबई, गोवा यांसारख्या प्रदेशांत पावसाळ्यात हवेतील आर्द्रतेमुळे सुटे अंथरूण लवकर ओलसर होते आणि साठवलेल्या पिशवीतही बुरशी येऊ शकते. अशा काळात हवाबंद साठवण, पातळ थर आणि अधिक वेळा बदल उपयुक्त ठरतो. फ्लीस वापरल्यास कापड पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा अंथरले जात नाही, म्हणून कापडाचे दोन-तीन संच ठेवावे लागतात. कुक्कुटपालनातील गादी पद्धतीत वापरले जाणारे भाताचे तूस स्वस्त असले तरी ते खरखरीत, धूळयुक्त व कमी शोषक असल्याने गिनीपिगसाठी सोयीचे नसते.

== हे सुद्धा पहा ==

* गिनीपिग
* कृंतक
* क जीवनसत्त्व
* पाळीव प्राणी