पंप-नोझलचे दुकान पारखताना

दारव्ह्याला डिझेलची ओळख रुळांवरून झाली नाही. इथून जाणारी शकुंतला ही अरुंद रुळांवरची गाडी 1994 पर्यंत वाफेवरच धावत होती. डिझेल आले ते रस्त्याने, कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकमधून. 1951 मध्ये बंगळूरला डिझेलचे पंप-नोझल बनवणारी मायको कंपनी सुरू झाली, 1954 मध्ये टाटा-मर्सिडीज ट्रक आले आणि इंजिनाच्या मिस्त्रीपासून पंपाचा मिस्त्री वेगळा होत गेला. ही फारकत केवळ हुन्नराची नव्हती. पंपातला प्लंजर आणि त्याचे बॅरल यांतली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकी असते. ती जोडी झिजली की डिझेल मागे गळते, आणि हे डोळ्याला दिसत नाही. म्हणून दुकानाची पारख करायची ती तिथल्या टेस्ट बेंचवरून: ठरलेल्या फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरचे डिझेल काचेच्या नळीत मोजून दाखवतात का?

यावर जुन्या ड्रायव्हरांचा आक्षेप ठरलेला: उस्ताद नुसत्या आवाजावर पंप बसवायचे, गाड्या धावायच्याच की! धावायच्या, यात शंका नाही. टायमिंग चुकले, एखादे नोझल अडकले, तर ते तयार कानाला कळते. पण चौथ्या सिलिंडरला थोडे जास्त डिझेल जाते आहे, हे कान सांगत नाही. ते घाटात भरल्या गाडीच्या काळ्या धुरातून आणि महिन्याच्या डिझेलखर्चातून कळते. बेंच महाग, त्यामुळे असे दुकान पुष्कळ गाड्यांच्या गावीच परवडते. मात्र बेंच असूनही दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे आकडे लिहून न देणाऱ्या दुकानापेक्षा, पंप खोलून बेंचवाल्याकडे पाठवणारा गावचा मिस्त्री बरा.