वडगावचा तह आणि मुखत्यारीचा प्रश्न

दोन राज्यांच्या व्यवहारात पारदर्शकता असावी असे आपण म्हणतो, तेव्हा गुप्त कलमे, हेर, सांकेतिक पत्रे असे काहीबाही डोळ्यांपुढे येते. समोर बसलेल्या माणसाला सही करण्याचा अधिकार आहे का, ही त्याहून साधी गोष्ट. ती झाकली की काय होते, हे आमच्या पनवेलच्या वाटेवरच दिसले.

सन १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी कलकत्त्याला न विचारता राघोबादादांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याने तो अमान्य ठरवला आणि कर्नल अप्टनला पाठवून १७७६ मध्ये पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला. एकाच कंपनीची ही दोन तोंडे! पुण्याने कोणते खरे मानायचे?

पुढे मुंबईकरांनी पुरंदरचा तहही बाजूला सारला. नोव्हेंबर १७७८ मध्ये त्यांची सुमारे चार हजारांची फौज राघोबादादांना घेऊन पनवेलमार्गे बोरघाटाकडे निघाली. सोबत एकोणीस हजार बैल होते म्हणतात. घाट चढेपर्यंत डिसेंबर सरत आला. कार्ल्याला कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. लोकांनी त्याचा ‘इष्टुर फाकडा’ केला. शत्रूच्या शौर्याला असे लाडके नाव देणारी आपली भाषा मला फार आवडते. असो. तळेगाव मराठ्यांनी आधीच जाळून ओस केले होते. इंग्रज मागे फिरले आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावात कोंडले गेले.

बोलणी सुरू झाली. कलकत्त्याच्या संमतीवाचून तह करण्याचा आम्हाला अधिकार नाही, असे इंग्रजांनी प्रथम सांगितले. हे खरेच होते. मराठ्यांनी उलट विचारले, मग अप्टनचा तह मोडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? याला उत्तर नव्हते. तेव्हा जो अधिकार नाही असे सांगितले, तोच आहे असे दाखवून कारनॅकने माणूस महादजी शिंद्यांकडे पाठवला. साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करायचा आणि बंगालहून येणारी गॉडर्डची फौज माघारी धाडायची, असे ठरले. फार्मर आणि दुसरा एक स्ट्युअर्ट ओलीस राहिले.

‘मुखत्यार’ आणि ‘अखत्यार’ हे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले. दोन्हींचे मूळ एकच. अखत्यार नसलेला मुखत्यार म्हणजे शब्दातच खोट. फौज घाट उतरताच कारनॅकने गॉडर्डला परत फिरण्याचा दिलेला हुकूम थांबवला. गॉडर्ड फेब्रुवारीत सुरतेला पोचला, वडगावचा तह कलकत्त्याने झिडकारला आणि लढाई पुढे तीन वर्षे चालली. पेचातून सुटायला कारनॅकला दुसरा मार्ग नव्हता, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण ओलिसांना मागे ठेवून, न पाळायचा शब्द देणे हे मला तरी क्षम्य वाटत नाही.

यानंतर मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, तेव्हा डेव्हिड अँडरसन कलकत्त्याचा पूर्ण मुखत्यार म्हणून आला आणि महादजी दोन्ही बाजूंना जामीन राहिले. नाना फडणीसांनी मात्र मान्यतेची मोहोर उमटवायला डिसेंबर उजाडू दिला. दक्षिणेत हैदरअली इंग्रजांशी झुंजत होता, तोवर नानांना घाई नव्हती. डिसेंबरच्या ७ तारखेला हैदर वारला आणि त्याच महिन्यात पुण्याची संमती गेली.