कोलंबीचे टरफल आणि हातपंपाचे पाणी

१/ लालबागच्या बाजारात कोलंबी सोलली, की टरफले कचऱ्यात जातात. त्याच टरफलांतून निघणाऱ्या पदार्थाने पाण्यातील फ्लोराइड काढता येईल का, याचे प्रयोग नागपूरला झाले आहेत. या धाग्यात त्यामागचा इतिहास पाहू.

२/ १९३२ मध्ये येथील पेरू चाळीचा बाजार बंद झाला. उघड्यावर आलेल्या कोळी व इतर विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस बोलला आणि १९३४ मध्ये लालबागच्या राजाची स्थापना झाली. पाण्याच्या बाबतीत मात्र हा भाग सुदैवी होता. तानसा धरण १८९२ सालचे. त्यात साठते ते पावसाचे पाणी. फ्लोराइड हा शब्द गिरणगावाला भेटला तो बहुधा टूथपेस्टच्या वेष्टनावर.

३/ इतरत्र चित्र निराळे होते. १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून भारतातील फ्लोरोसिसची पहिली शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. दातांवर तपकिरी पट्टे उमटतात. पुढे सांधे आणि पाठीचा कणा ताठरतो. झालेली हानी भरून येत नाही. पाण्यातील फ्लोराइडची कमाल मर्यादा आज लिटरला १.५ मिलिग्रॅम मानली जाते.

४/ महाराष्ट्रात या कथेला वळण दिले ते १९७२ च्या दुष्काळाने. युनिसेफच्या साहाय्याने कठीण खडकात विंधनविहिरी खोदल्या गेल्या. सोलापूरला घडलेल्या पंपाच्या धर्तीवर पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप तयार झाला आणि देशभर पोहोचला.

५/ पायऱ्यांच्या विहिरींतून होणारा नारू हटण्यास या पंपांचा मोठा हातभार लागला; २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. परंतु खोल खडकात दीर्घकाळ राहिलेल्या पाण्यात फ्लोराइड विरघळू शकते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील अनेक गावांत तेच वर आले. पाणी नितळ, चवीला गोड. उकळूनही फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

६/ नागपूरच्या नीरी संस्थेने १९६० च्या दशकापासून तुरटी व चुन्याची ‘नालगोंडा पद्धत’ विकसित केली. साहित्य स्वस्त होते. पण मात्रा रोज मोजून घालावी लागे आणि उरलेल्या गाळाची विल्हेवाटही लावावी लागे.

७/ म्हणून लक्ष अधिशोषकांकडे वळले. अधिशोषक म्हणजे नको असलेला घटक आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ. टरफलातील चुना आम्लाने आणि प्रथिने अल्कलीने काढली, की कायटिन उरते. फ्रान्सच्या ब्राकोनो यांनी १८११ मध्ये ते प्रथम अळंब्यांत ओळखले होते. कायटिन तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवले, की कायटोसान हे नैसर्गिक बहुवारिक मिळते.

८/ नीरीच्या संशोधकांनी २००७ मध्ये कायटिन, कायटोसान आणि लँथॅनम धातूची जोड दिलेले कायटोसान यांची तुलना प्रसिद्ध केली. नुसत्या कायटोसानची फ्लोराइड धरण्याची क्षमता तोकडी पडते. धातूची जोड मिळताच ती वाढते. पुढे ॲल्युमिनियम व टायटॅनियम यांच्या जोडीचेही प्रयोग झाले.

९/ प्रयोगशाळेतून गावात येताना अडचणी वाढतात. भूजलातील बायकार्बोनेट अधिशोषकावरील जागेसाठी फ्लोराइडशी स्पर्धा करते. कालांतराने अधिशोषक भरून जातो. मग तो धुऊन पुन्हा कार्यक्षम करावा लागतो, किंवा बदलावा लागतो. हे काम कोणाचे आणि त्याचा खर्च कोणाकडे, हे आधी ठरले नाही, तर यंत्र जागेवर उभे असते आणि लोक पुन्हा जुन्याच हातपंपावर जातात.

१०/ हातपंपाचा इतिहास आपण किती खोदले, किती बसवले अशा आकड्यांत लिहितो. देखभालीचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. मुलांच्या बहुतेक कायमच्या दातांचे आवरण वयाच्या पहिल्या आठ वर्षांत घडते. त्या काळात गाळणी दोन वर्षे बंद राहिली, तर ती दोन वर्षे दातांवर जन्मभर दिसतात.