अल्प शक्तीचा स्वर

एकेकाळी अहेरी जमीनदारीच्या अंमलात आणि सिरोंचा तहसिलीच्या एका टोकाला असलेल्या भामरागडच्या अरण्यात, जेथे पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीस मिळतात व पावसाळ्यात त्याच नद्या वाट अडवून बसतात, तेथे घरच्या उंची स्पीकरांना कोणता ॲम्प्लिफायर शोभेल असा नागर प्रश्न उपस्थित करणे प्रथमदर्शनी विनोदाचे वाटेल. परंतु या यंत्राचा पूर्वेतिहास हा मुख्यतः शक्तीच्या टंचाईचा इतिहास आहे, आणि ती टंचाई या मुलखाने दीर्घकाळ भोगली आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळच्या हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला तेव्हा तेथे वीज नव्हती, आणि पुढे कित्येक वर्षे ती आली नाही.

ॲम्प्लिफायरचे प्रारंभीचे व्हॉल्व्ह फार दुबळे होते. १९३३ सालचा २ए३ साडेतीन वॅट देई, आणि त्यानंतरचा, सिनेमागृहांतून नावाजलेला ३००बी एकटा जेमतेम आठ. एवढ्या शक्तीत प्रेक्षागार भरावयाचे, तर स्पीकरानेच काटकसरी असणे प्राप्त होते. म्हणून भोंग्यांची योजना झाली, आणि १९४६ मध्ये पॉल क्लिप्श यांनी तोच भोंगा दुमडून घराच्या कोपऱ्यात बसविला. पुढे विल्यमसन यांच्या ॲम्प्लिफायरच्या १९४७ च्या आराखड्याने पंधरा स्वच्छ वॅट घराघरांत आणले, आणि १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी बंदिस्त पेटीचा छोटा स्पीकर काढून खर्जाचा गंभीर नाद अल्प जागेत साधला. या सोयीचे मोल मात्र वॅटांत चुकवावे लागले.

ती रक्कम अखेर ट्रान्झिस्टरने भरली. त्याची जाहीर वार्ता न्यूयॉर्कमध्ये ३० जून १९४८ रोजी दिली गेली. त्यानंतर सोळाच दिवसांनी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. डाकघरातून परवाना काढून रेडिओ ऐकण्याच्या त्या काळात व्हॉल्व्हच्या संचास घरची वीज वा अवजड बॅटरी लागे. पुढे साध्या कोरड्या सेलांवर चालणारा ट्रान्झिस्टर आला तो अंशमात्र वॅटात बोलणारा, आणि विजेच्या तारेची वाट न पाहता खेडोपाडी पोहोचणारा.

सभा वा दवंडी असली की मात्र बॅटरी आणि भोंगा यांचीच जोडी लागे. येथे गणित निष्ठुर असते. बारा व्होल्टच्या बॅटरीवरून, रोहित्र न लावता, साध्या रचनेत आठ ओहमच्या स्पीकरास सव्वादोन वॅटांहून अधिक देता येत नाही. एका वॅटात एका मीटरवर १०५ डेसिबल देणारा भोंगा तेवढ्यावर अख्खे मैदान भारतो. घरगुती दिवाणखान्यातल्या ८५ डेसिबलच्या पेटीकडून तेवढाच आवाज काढावयाचा तर वीस डेसिबलचे अंतर, म्हणजे शंभरपट शक्ती, सुमारे सव्वादोनशे वॅट लागतील. दुकानदार वॅटांचा आकडा सांगून मोकळा होतो. एका वॅटात किती डेसिबल, हा संवेदनक्षमतेचा आकडा विचारल्यावाचून त्याच्या बोलण्याला काडीचा अर्थ नाही.

सभेच्या या भोंग्यासही आपली मर्यादा आहे, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. त्याने वक्त्याचे शब्द दूर जातात, परंतु खर्ज त्याच्या तोंडातून उतरतच नाही; या अरण्यातील माडिया आदिवासींच्या रेला नृत्यातील ढोलाचा खोल नाद त्याच्यातून ऐकणे म्हणजे ढोल न ऐकणेच होय. (लाकूड आणि कातडे यांचा तो ढोल स्वतःच एवढा समर्थ असतो, की त्यास ॲम्प्लिफायरची गरज कोणास भासली असेल असे मला वाटत नाही.) तो नाद दिवाणखान्यात पुन्हा उभा करावयाचा असेल, तर बंदिस्त पेटी, भरपूर वॅट आणि, याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते, स्पीकराचा रोध खर्जात चार ओहमच्याही खाली उतरला तरी विद्युत्प्रवाह न आखडणारा ॲम्प्लिफायर, असा खर्च पत्करावा लागतो. ज्यास कंठसंगीत प्रिय, खोली लहान आणि स्पीकर संवेदनक्षम, त्याने आठ वॅटांचा व्हॉल्व्ह-ॲम्प्लिफायर घेऊन उरलेल्या पैशांत ध्वनिमुद्रिका विकत घ्याव्यात.