भाट नव्हे, बार्ड

बार्ड या शब्दाला मराठीत काय म्हणावं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. चटकन सुचतो तो 'भाट'. पण भाट म्हटलं की डोळ्यांसमोर येतो राजाची तोंडभरून स्तुती करणारा माणूस, आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधलं माझं पात्र नेमकं उलट्या धंद्यातलं. कमरेला तलवार आहे, पण पहिला वार जिभेचा. शहराच्या गल्लीबोळांत वाढलेला आणि समोरच्याच्या नाकापासून खानदानापर्यंत सगळ्यांचा उद्धार करणारा. शाहीर त्यातल्या त्यात जवळचा... असो, बार्डच म्हणू.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण (डंजन मास्टर) गोष्ट रचतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि साधलं की फसलं हे फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. त्यात बार्ड नव्हता. १९७६ मध्ये डग श्वेगमन यांनी एका लेखात तो आणला: थोडा नॉर्स स्काल्ड, थोडा केल्टिक बार्ड, थोडा दक्षिण युरोपातला भटका गवई. १९७८च्या नियमपुस्तकात बार्ड व्हायचं तर आधी योद्धा, मग चोर आणि त्यानंतर द्रुइडांची शागिर्दी, एवढा द्राविडी प्राणायाम होता!

पण इतकं करून त्याचं मुख्य काम काय, तर मित्रांना हुरूप देणं आणि शत्रूला भुरळ घालणं. 'व्हिशस मॉकरी', म्हणजे जिव्हारी लागणारा टोमणा, हे हत्यार त्याच्या हाती आलं ते २००९ साली, चौथ्या आवृत्तीच्या दुसऱ्या पुस्तकात. २०१४च्या नियमांत सुरुवातीला त्याची इजा चार बाजूंच्या एका फाशाएवढी, शिवाय शत्रूचा पुढचा वार लंगडा पडतो. २०२४ मध्ये फासा सहा बाजूंचा झाला. बरेच जण याकडे टेबलावर हशा पिकवायची सोय म्हणून बघतात.

मला मात्र वाटतं, खेळातला बार्ड इथे पहिल्यांदा आपल्या मूळ गावी पोचला. जुन्या आयर्लंडमध्ये कवीच्या निंदेने चेहऱ्यावर फोड उठतात अशी समजूत होती. 'कॉर्मॅकचा शब्दकोश' म्हणून जो मध्ययुगीन ग्रंथ आहे, त्यात नेडे नावाच्या कवीची गोष्ट येते. त्याचा काका काइअर हा कोनॉटचा राजा. काकूच्या नादाने नेडेला सिंहासनाचा लोभ सुटतो, पण निंदेला निमित्त तर हवं! मग तो राजाकडे अशी सुरी मागतो, जी कुणाला न देण्याचं राजावर बंधन आहे. राजा नाही म्हणतो. झालं, राजा कंजूष ठरला. निंदाकाव्य म्हटलं जातं, सकाळी राजाच्या चेहऱ्यावर तीन फोड. विद्रूप राजा गादीवर बसू शकत नाही, म्हणून काइअर पळून जातो. पुढे नेडेला पश्चात्ताप होतो आणि तो त्याला भेटायला जातो. त्याला पाहताच काइअर शरमेने मरतो, तिथला खडक फुटतो, आणि त्याची कपची डोळ्यात घुसून नेडेही मरतो.

जुन्या आयरिशमध्ये 'एनेख' या एकाच शब्दाचा अर्थ चेहरा आणि अब्रू. 'तोंड दाखवायला जागा राहिली नाही' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथल्या कायद्यात माणसाच्या प्रतिष्ठेची किंमत ठरलेली असे, आणि अन्याय्य निंदा करणाऱ्याला ती भरावी लागे. म्हणजे जीभ हे शस्त्रच मानलेलं, आणि शस्त्राला असतो तसा जाबही होता.

खेळात हा जाबच गळून गेला. २०१४चा नियम सांगतो की टोमणा ऐकू आला की पुरे, कळायची गरज नाही. म्हणजे जंगलातलं अस्वलसुद्धा घायाळ! हे काही मला पटत नाही. अस्वलाला कसली अब्रू? अपमानाला चारचौघं लागतात, आणि ज्याची खिल्ली उडवली तोच उद्या मासळीबाजारात समोर उभा ठाकायला हवा. म्हणून माझा बार्ड शहर सोडत नाही. फ्रिट्झ लायबर यांची फाफर्ड आणि ग्रे माउसर ही तलवारबहाद्दर जोडी (पहिली कथा १९३९) लांखमार नावाच्या शहरात वावरते. त्यातला फाफर्ड तर स्काल्ड म्हणूनच शिकलेला. गायगॅक्स यांनी १९७९च्या पुस्तकात प्रेरणास्थानांच्या यादीत लायबर यांचं नाव घातलं आहे. त्या शहरातल्या गल्ल्या वाचताना मला कायम वाटतं, बार्डाचं घर इथेच कुठेतरी असणार.

आमच्या टेबलावर आम्ही दोन नियम घरचे घातलेत. टोमणा पात्राला मारायचा, खेळणाऱ्याला नाही, हा पहिला. आणि दुसरा खास नेडेसाठी: टोमण्यात खोटा आळ असेल, तर तो फासा माझ्याच अंगावर पडतो. गेल्या खेपेला एका प्रामाणिक जकातदाराला मी लाचखाऊ म्हणालो. तीन पडले.